अण्णांचा अंगठा

चहा थंड झाला तरी चालंल, आधी हे ऐका. निजामाचं राज्य गेल्यावरची गोष्ट. मी भालकीत मास्तर होतो, आणि जगात लढाई नको, अणुबॉम्ब नको म्हणून घरोघर सह्या गोळा करायलो होतो. सही येत न्हाई त्याचा अंगठा. सगळी गल्ली झाली, थोरल्या भावाचं, अण्णांचं घर तेवढं सोडलं. मधल्या भिंतीच्या भांडणावरनं आमचं वर्षभर बोलणं बंद होतं.

बायको म्हणाली, "अण्णांचा अंगठा कामून घेतला न्हाई?"

"आधी त्यांनी बोलावं."

"व्हय, बॉम्बवाले दोन्ही देशबी असंच म्हणायलेत."

मी हसलो आणि कागद गुलबर्ग्याला पाठवून दिले.

त्याच पावसाळ्यात अण्णा गेले. तेरावं झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सह्या घेत फिरायलता, त्या दिवशी तुमची शाई संपली असंल म्हणून हे अंगठ्याला तव्याची काजळी लावून दारात बसले होते. दिवस मावळल्यावर धुऊन टाकली."