हवा कोणी बंद केली?

(शनिवार. हेडविगच्या कारखान्याची शेड. हेडविग, तिची मुलगी रिके आणि जुना कामगार नेज्देत नव्या यंत्रांपाशी उभे आहेत.)

हेडविग : आणि हे दिवे कुणासाठी? यंत्रांना काय पेपर वाचायचाय?

रिके : विझव, आई. खुशाल विझव. त्यांना उजेड लागत नाही.

हेडविग : खरंच?

नेज्देत : बघा मालकीणबाई, एवढ्या महागाच्या यंत्रांतला एक गुण तरी तुम्हाला आवडला.

हेडविग : दुसरा अजून दिसायचाय. वसंत ऋतूपासून वाट बघतेय.

रिके : आज दिसेल! ती रुळावरची गाडी बघ. मागच्या रॅकमधून एक पॅलेट उचलते, जे यंत्र मोकळं असेल त्याला नेऊन देते. पॅलेटवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, आधीच पक्का बांधलेला. कॉम्प्युटर यंत्राला सांगतो, हे बेअरिंगचं घर, याला ही टूल्स, असं कापायचं. ते झालं की पुढचा. पुढचा ब्रेकचा लिव्हर असला तरी यंत्राच्या कपाळाला आठी नाही.

हेडविग : आणि मधलं सेटिंग कोण बदलतं?

रिके : कोणी नाही! तेच तर सांगतेय!

नेज्देत : पूर्वी एका जॉबवरून दुसऱ्यावर जायचं तर माझी अर्धी पाळी त्यातच जायची. म्हणून रिकेचे बाबा, आमचे साहेब, म्हणायचे, लावलंच आहेस तर दोनशे काढून ठेव.

हेडविग : गिऱ्हाइकाला हवे असायचे डझनभर.

नेज्देत : बाकीचे तळघरात. अजून असतील.

हेडविग : असतील काय, आहेत. दर डिसेंबरला मोजणी मीच करते ना. तुमचे साहेब गेले, त्यांचे ते लोखंडी कंस, ब्रॅकेट, मागे राहिले.

रिके : आता एक हवा तर एक काढायचा. सोमवारी सकाळी डोंगररेल्वेचा टेम्पो येईल, त्यांच्या कामात एकासारखा दुसरा जॉब नाही. सगळे वेळेवर दिले की वर्षभराचं दुरुस्तीचं काम आपलं.

हेडविग : आणि नाही दिले तर मंगळवारी खोकीवाला सहीला येतोय. जमीन, शेड, सगळं त्याला विकायचं, तळघरातल्या कंसांसकट. तुला शब्द दिलाय, त्यालाही दिलाय.

रिके : माहीत आहे गं.

हेडविग : माणूस चांगला आहे. रोख देतो आणि कमी बोलतो.

नेज्देत : म्हणजे अगदी रिकेच्या उलट.

रिके : तू गप रे! चालू करते हं... गेली! आई, बघ, निघाली गाडी!

हेडविग : कुणी हाकसुद्धा मारली नाही तिला.

नेज्देत : आता उद्या रात्रीपर्यंत कोणी मारणारही नाही. मी निघालो. शनिवार अर्धा संपला.

हेडविग : उद्या इकडे फिरकू नकोस. रविवारी कामगाराला राबवलेलं माझ्या सासऱ्यांनी खपवून घेतलं नाही, मीही घेणार नाही.

नेज्देत : अहो, उद्या कोणीच राबायचं नाहीये. त्यासाठीच तर हा सगळा थाट!

(रविवार. घरात दुपारचं जेवण नुकतंच आटोपलंय.)

रिके : आई, खण उघड ना. माझा फोन.

हेडविग : केक राहिलाय अजून. रविवारी टेबलावरून उठल्याशिवाय या घरात फोन—

रिके : उठले, ही बघ उठले. दे... अरे देवा. बंद पडलंय! आई, सकाळपासून सगळं बंद पडलंय! हवेचा दाब शून्य म्हणतोय!

हेडविग : कसली हवा?

रिके : कॉम्प्रेसरची! नेमका आजच बिघडायचा होता?

हेडविग : बिघडला नाहीये तो.

रिके : तुला काय माहीत?

हेडविग : चर्चला जाताना मी शेडच्या मागून गेले. खिडक्यांत काळोख, आत माणूस नाही आणि मागच्या खोपटात तो एकटाच घरघरतोय. घंटा वाजत होत्या गं. रस्त्यावरची सगळी माझ्याकडे बघत होती.

रिके : आई. तू काय केलंस?

हेडविग : करायचं काय? इतकी वर्षं शनिवारी जे करते तेच. बंद केला.

रिके : यंत्रं चालू होती!

हेडविग : यंत्रं विजेवर चालतात, विजेला मी बोट लावलं नाही. हवा नेज्देतला लागते, चुरा उडवायला. नेज्देत घरी, मग हवा कुणाला?

रिके : यंत्रालाच! हवेशिवाय त्याला टूल धरता येत नाही, पॅलेट आवळता येत नाही!

हेडविग : हे काल सांगायला काय झालं होतं? दिव्यांचं बरं सांगितलंस!

रिके : कोट घे. चल. धावत चल!

हेडविग : थांब गं, रस्त्यात धावू नकोस, लोक बघतायत... हा कोण उभा आहे दारात? नेज्देत!

नेज्देत : मी सहज फिरायला आलोय. मागे घरघर ऐकू येईना, म्हणून थबकलो.

रिके : देवासारखा आलास! कॉम्प्रेसर चालू कर आणि तो कॉम्प्युटरचा पडदा—

हेडविग : अजिबात नाही. कामगाराने आज हात लावायचा नाही. जे करायचं ते घरची माणसं करतील.

रिके : आई, इथे कारखाना चाललाय आपला!

हेडविग : म्हणून काय रविवार बुधवार होतो?

नेज्देत : माझे हात खिशात आहेत, मालकीणबाई. तोंड चालवलं तर चालेल ना?

हेडविग : ते आजवर कुणाला थांबवता आलंय?

रिके : हवा मी सुरू केली, चढतेय. पहिल्या यंत्रात टूल जॉबमध्येच रुतून बसलंय, ते सोडवायला आत जाते. पडद्याकडे बघा कोणीतरी!

नेज्देत : घरचं माणूस एकच उरलं. चष्मा लावा. डावीकडे जॉबची रांग दिसते?

हेडविग : दिसते. खालचे लाल कशाला आहेत?

नेज्देत : सकाळ वाया गेली ना. ते उद्या टेम्पो येईपर्यंत होणार नाहीत असं तो म्हणतोय.

हेडविग : लाल कोण कोण? बेअरिंगची घरं! आणि त्यांच्या आधी कोण उभं आहे? रेल्वेडब्याच्या पायऱ्यांचे कंस? रिके, ही रांग कुणी लावली?

रिके : मी! सोपे आधी घेतले!

हेडविग : सोपे आधी! गिऱ्हाइकाला कशाची घाई आहे ते विचारलंस का? थांब, हेबर्लेला फोन लावते.

रिके : रेल्वेच्या फोरमनला? आत्ता? झोपले असतील!

हेडविग : उठतील. हॅलो, हेबर्लेसाहेब? हेडविग बोलतेय. नाही नाही, कोणी वारलेलं नाही. एकच सांगा, उद्या तुमची गाडी कशावाचून अडून आहे?... हं... आणि पायऱ्यांचे कंस?... गुरुवारी दिले तर?... मग झालं. उद्या अडलेलं सगळं मिळेल, कंस गुरुवारी. वर्षाच्या कामाला याने बाधा नाही ना?... मिसेसना नमस्कार सांगा. झोपा.

रिके : काय म्हणाले?

हेडविग : बेअरिंगची घरं आणि लिव्हर उद्या. एक इंजिन त्यांच्यावाचून जॅकवर उचलून ठेवलंय. कंसांकडे गुरुवारपर्यंत कोणी बघणार नाही. नेज्देत, आता हे उलटंपालटं करायला किती वेळ? तुझी अर्धी पाळी?

नेज्देत : बोटाने धरा आणि वर सरकवा.

हेडविग : नुसतं?

नेज्देत : नुसतं.

हेडविग : ...सरकलं! अगं बाई, लाल होतं ते हिरवं झालं! हेही... आणि हेही! लिव्हर यांच्या मागे लावू का? तिथे मोकळी जागा दिसतेय!

नेज्देत : मी हात खिशात घालून उभा आहे. मालकीण तुम्ही.

रिके : सुटलं टूल! जॉब मात्र खरवडला.

हेडविग : कुठला?

रिके : कंस.

हेडविग : मेला मरू दे. कंसांना आपल्याकडे कधी तोटा पडलाय?

रिके : दार लावलं. हिरवं बटण दाब, आई. तूच दाब.

हेडविग : दाबते हं... आली! रिके, गाडी कंसांना चक्क ओलांडून पुढे गेली! बेअरिंगचं घर उचललं! तिला कसं कळलं गं?

रिके : तूच तर सांगितलंस तिला.

हेडविग : मी? हो. मीच की.

रिके : पहिलं बाहेर आलं. मोजते... बरोबर आहे! आई, अगदी बरोबर! असंच चाललं तर पहाटे सगळं तयार असेल!

नेज्देत : मग मंगळवारी खोकीवाल्याला काय सांगायचं?

हेडविग : सांगायचं, मालकीण दिवसा कामावर असते. कॉफीला यायचं असेल तर संध्याकाळी ये.

रिके : आई...

हेडविग : रडतेस काय? घरी जा, केक खा. नेज्देतलाही दे. मी बसते इथे.

रिके : अगं, याच्याजवळ कोणी बसायला लागत नाही.

हेडविग : ते कळलंय मला. ती खुर्ची जरा इकडे सरकव.