नामंजूर

समारंभाच्या अध्यक्षा मालनबाई, व्यासपीठावरील पाहुणे, आपल्या पाणीवापर संस्थेचे कालपर्यंतचे अध्यक्ष देवरामआण्णा आणि पाण्याची पाळी सोडून आलेले सभासद बंधुभगिनी,

आण्णांच्या जागी आजपासून मी, तृप्ती, बसते आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यात स्वार्थ आहे. तो आधीच सांगितलेला बरा.

परवा टपरीवर आण्णा म्हणाले, "पोरी, आता संस्थेबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. देशाच्या माजी नेत्यांनीही हेच करावं. खुर्ची सुटली की तोंड सुटू नये."

आपले सचिव महेशभाऊ म्हणाले, "मग तोंड कशाला, सत्काराचे पेढे खायला?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. शेतात पाणी नेणारी चारी कुठं पाझरते हे ज्याला ठाऊक, तोच गप्प बसला तर मी विचारायचं कुणाला? आणि देश चालवणाऱ्याने तरी कुणाला विचारायचं?

आण्णांच्या आधीचे अध्यक्ष मोतीरामतात्या तुम्हाला आठवत असतील. आपल्या सभेची रीतही माहीत आहे. ठराव वाचून संपायच्या आत आपण "मंजूर, मंजूर" म्हणतो. एका वर्षी श्रद्धांजलीचा ठराव आला. वारले होते सायखेड्याचे मोतीराम. महेशभाऊंनी आपल्या तात्यांचं नाव वाचलं, आडनावासकट. सभा म्हणाली, "मंजूर!"

मागच्या रांगेतून तात्या उठले. "नामंजूर."

हशा ओसरल्यावर म्हणाले, "माजी झालोय, मयत नाय. आता उठलोच हाय तर बोलतो." आणि नव्या चारीची जागा चुकली म्हणून त्यांनी आण्णांना भर सभेत झोडलं.

हे तुम्ही पाहिलंत. पुढचं मला मालनकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीने, सांगितलं. आदल्या संध्याकाळी तात्या आण्णांच्या ओट्यावर जाऊन आले होते. "देवराम, उद्या तुला झोडणार हाय. जागा एकदा बघून ये." आण्णा चिडले. पण सकाळी गेले. जागा बरोबर होती, चुकले होते तात्याच. मात्र तिथं उभं राहिल्यावर आण्णांना दिसलं, की आपण उतार उलटा धरलाय. सभेत तात्यांचं बोलणं संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "जागा तीच राहील. उतार बदलतो." आज शेवटच्या शेतापर्यंत पाणी जातं ते त्यामुळे.

म्हणून माझं मत सरळ आहे. माजी माणसाने जाहीर बोलावं, गावात आणि दिल्लीतही. खुर्ची परत हवी म्हणून बोलू नये. आणि जमलं तर आदल्या दिवशी ओट्यावर यावं.

आण्णा आता मुलाकडे शहरात, गंगापूर रोडला राहायला चालले आहेत. तिथून बस मिळते. तेव्हा मी ठराव मांडते, की देवरामआण्णांनी दरवर्षी सभेला यावं आणि नव्या अध्यक्षांना…

बघा! वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. मंजूर कशाला म्हणालात ते तरी माहीत आहे का?

आण्णा, काय म्हणालात? जरा मोठ्याने. माईक द्या त्यांना.

नामंजूर?

महेशभाऊ, लिहून घ्या. माजी अध्यक्षांचा पहिला जाहीर विरोध, भर सत्कारात, पेढे खायच्या आधी. आण्णा, एवढंच हवं होतं.

मालनकाकूंचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलताना कुणाचा मान राहून गेला असेल, तर क्षमा असावी. ज्यांना क्षमा करवत नसेल, त्यांच्यासाठी आमचा ओटा संध्याकाळी झाडलेला असतो.