ध्रुपद धरायचं न्हाई

तुळजाबाई : न्हाई म्हंजे न्हाई, अक्का. उद्याच्या परीक्षेला मी आमच्या ह्यांला जाऊ देणार न्हाई. दाजींना सांगा, दुसरा चेला बघा म्हणावं.

चतुराबाई : सांगते की. पण ते येस्तोवर अशी दारात उभी राहू नको. ये, जवळ सरक, शेंगांचं सूप मधी घे. सोलता सोलता तुला एक गोष्ट सांगते. देवळातल्या बुवांसारखी रंगवता यायची न्हाई मला, पण देव हाये तिच्यात.

तुळजाबाई : गोष्टीनं माझं मन फिरणार न्हाई. विहिरीच्या तळाला खराब हवा बसलेली असती. ना दिसती, ना वास येतो. हे गाळ काढायला उतरले अन् वर आलेच न्हाई तर?

चतुराबाई : म्हणून तर परवाना लावला. सरकारी विहिरीत उतरायचं तर आधी हवा तपासता आली पाह्यजे, खराब असली तर काढता आली पाह्यजे, अन् ही दोन्ही कामं साहेबापुढं करून दाखवली पाह्यजेत. तुझा मच्छिंद्र उद्या दाखवील. आमच्या ह्यांनी बी दाखवलं होतं. अन् नापास झाले!

तुळजाबाई : दाजी? नापास? उगंच हसवू नका.

चतुराबाई : रेणुकाईची शपथ. पहिल्या फटक्यात साफ नापास. अन् कशापायी? भजनापायी!

तुळजाबाई : देवाच्या नावानं कुणी नापास होतं का, अक्का?

चतुराबाई : ऐक तर. ह्यांची रीत तुला ठाऊक हाये. आधी पेटता कंदील दोरानं खाली सोडायचा. विझला, की कुणी उतरायचं न्हाई. मंग लिंबाच्या डहाळ्यांचा भारा बांधून खाली-वर, खाली-वर, ताक घुसळल्यासारखी हवा घुसळायची. पुन्हा कंदील. तो जळत राह्यला, की कमरेला दोर बांधून उतरायचं. अन् उतरल्यापासून वर येईस्तोवर गात राह्यचं.

तुळजाबाई : गात?

चतुराबाई : अगं, गाणं चालू म्हंजे श्वास चालू. वरच्यांना कळावं म्हणून. साहेब खूश झाले. पण उतरायच्या आधी त्यांनी ह्यांच्या कानात सांगितलं, “मधीच एकदम गप्प व्हा. वरचे काय करतात ते मला बघायचंय.”

तुळजाबाई : वर कोण होतं?

चतुराबाई : तिथंच तर घोटाळा! दोरावर समदी भजनी मंडळी. धर्मराज, बद्रीनाथ अन् महेबूबभाई. सप्ताहात बुवांच्या मागं महेबूबभाई उभे राह्यले, की आवाज वेशीबाहेर जायचा. आता ह्यांनी खालून चाल लावली. विहिरीतनं असा घुमून आला आवाज! मंडळी गप्प बसती व्हय? धर्मराजानं ध्रुपद धरलं, तीच ओळ घोळवायला लागला, बद्रीनाथानं ठेका दिला, महेबूबभाईंनी वर उचललं. अन् हे खाली गप्प झाले.

तुळजाबाई : अन् वर?

चतुराबाई : वर गजर! दुप्पट लयीत!

तुळजाबाई : अगं बाई!

चतुराबाई : हे बसले खाली दगडावर. तंबाखू मळली, खाल्ली, थुंकले बी. कुणी ओढीना. शेवटी कंटाळून दोर सोडला, विहिरीच्या भिंतीतल्या पायट्यांवरनं चढून वर आले अन् मंडळीच्या मागं उभे राह्यले. दोर ढिला पडला, त्याचाबी कुणाला पत्ता न्हाई.

तुळजाबाई : मंग तरी थांबले का?

चतुराबाई : कुठलं! हेच टाळ्या वाजवायला लागले. साहेब म्हणले, “शाबास! मेलेला माणूस वर येऊन स्वतःच्याच भजनात ठेका धरून राह्यलाय!”

तुळजाबाई : थांबा, थांबा... शेंगा सांडल्या माझ्या!

चतुराबाई : मी लई भांडले. म्हणलं, साहेब, आमच्या गाण्याला नापास करता का? साहेब शांत माणूस. म्हणले, “ताई, गाणं लई चांगलं. खालच्यानं गावं, वरच्यानं ऐकावं. विहिरीच्या तोंडावर एक माणूस असा पाह्यजे, ज्याला ऐकण्याशिवाय दुसरं काम न्हाई. नियम हाये तो त्याच्यासाठीच.”

तुळजाबाई : बराबर बोलले की.

चतुराबाई : मंग काय, गावात गप्प बसणारा माणूस शोधायची पाळी आली. धर्मराजाला उभं केलं, तर ध्रुपद आलं की पाय नाचायला लागले. बद्रीनाथानं तोंड घट्ट मिटलं, तर नाकातनं सुरू! शेवटी महेबूबभाई म्हणले, “भाभी, मैं खडा रहता. आवाज नहीं निकलेगा.” समदे हसले. मी बी हसले. पण परीक्षेच्या दिशी त्यांनी रुमालाचा बोळा दातात धरला, अन् ह्यांनी नेमकी त्यांच्या आवडीची चाल लावली.

तुळजाबाई : मुद्दाम?

(भुजंग खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन अंगणात येतो.)

भुजंग : मुद्दामच. तिथं टिकला तर कुठंबी टिकंल.

चतुराबाई : आले बघ. टिकले महेबूबभाई. डोळ्यांतनं पाणी, दातात रुमाल, पण हूं न्हाई का चूं न्हाई. हे गप्प झाले तसा रुमाल थुंकून ओरडले, “खींचो!” ह्यांला इतक्या जल्दी ओढलं, की पागोटं खालीच राह्यलं.

भुजंग : परवाना भेटला. पागोटं गेलं.

तुळजाबाई : दाजी, हसू आलं ते खरं. पण परीक्षा ती परीक्षा. खरंच काही झालं तर?

भुजंग : झाल्तं.

चतुराबाई : ते कशाला सांगता आता?

भुजंग : तिला कळू दे. मंठ्याकडं एक जुना आड होता. कंदील बराबर जळत होता. गाळ हलवला, तशी त्याच्याखालची हवा सुटली. मी गाऊन राह्यल्तो. म्हंजे, मला वाटून राह्यल्तं की मी गाऊन राह्यलोय.

तुळजाबाई : अन्?

भुजंग : डोळे उघडले तवा वर पालथा पडल्तो. महेबूब म्हणला, “तेरी लय गिरी, मैंने खींचा.” गाणं बंद पडायची वाटच पाह्यली न्हाई त्यानं.

तुळजाबाई : हे तुम्ही धीर द्यायला सांगितलं का भ्या घालायला?

भुजंग : दोन्हीला. महेबूबला जाऊन आता वरीस होत आलं. उद्या तोंडावर कोण, तेच ठरंना. धर्मराज कामाचा न्हाई, बद्रीनाथ न्हाई.

चतुराबाई : मी तर बिलकुल न्हाई. ध्रुपद आलं की मला भानच राहत न्हाई.

भुजंग : तुळजा, तुला लई भ्या वाटतं ना?

तुळजाबाई : जीव जातो माझा.

भुजंग : मंग तूच उभी राह्य. तुझ्यावाणी कान कुणाचा लागणार? बाई चालंल का, साहेबाला विचारूनच आलो. चालती म्हणले.

तुळजाबाई : मी? पण ह्यांला गाताच येत न्हाई, दाजी. लई बेसूर हायेत.

भुजंग : बेस झालं. कुणी ध्रुपद धरणार न्हाई.

तुळजाबाई : तुम्ही बी ना! अन् मला उगंच वाटलं, की आवाज पडला? फुकटच ओढा म्हणलं तर?

भुजंग : तर फुकटच वर येईल. लाज वाटून घ्यायची न्हाई. परीक्षा पुन्हा देता येती.

तुळजाबाई : ...किती वाजता निघायचं?

चतुराबाई : सकाळच्या पहिल्या गाडीला. अन् तुळजा, तोंडावर उभी राह्यलीस की मनातल्या मनात एकदा महेबूबभाईंची आठवण कर. लई गोड गळा होता त्यांचा.