फियाटच्या ब्लॉकवरचा नंबर

जबाब
दि. १८/११/२०२५, सकाळी ११.४० वा.

मी सरिता वामनराव उंदीरवाडे, वय ४४ वर्षे, अविवाहित, धंदा लेथ व हेड फेसिंगचे काम, राहणार मूल, राईस मिलच्या मागची गल्ली, ता. मूल, जि. चंद्रपूर. मला कोणी बोलावलेले नाही. स्वतःच्या पायाने ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर माझे वडील वामनराव यांनी काढलेले मशीन शॉप आहे. ते सन २०११ मध्ये वारले, तेव्हापासून मी एकटी चालवते. आमच्याकडे भात गिरण्यांचे रोलर, शाफ्ट, पुली आणि डिझेल इंजिनची हेडे कामाला येतात. शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल आणि एक फेसिंग मशीन आहे. फेसिंग मशीनवर इंजिनचा वरचा भाग घासून सपाट करतात. हवालदार आत्राम यांनी विचारले की, बाईमाणूस असून ही मशीन तुम्ही चालवता का. मी म्हटले, "नाई तं काय मशीन मले चालवते?" हे लिहायची गरज नाही असे ते म्हणाले. मी म्हटले, लिहा.

धनराज नथ्थू मोहुर्ले, वय ४७ वर्षे, मूळ राहणार नागभीडजवळ, हल्ली माजरी, यास काल दुपारपासून या ठाण्यात चौकशीसाठी बसवून ठेवले आहे. तो टेम्पोवर एक जुनी फियाट कार लादून भंगारात द्यायला चंद्रपूरकडे चालला होता. नाक्यावर तपासणीत इंजिनवर नंबर सापडला नाही, जागा घासलेली दिसली. चेसिसचा नंबर कागदाशी जुळतो, पण तो ज्यावर आहे तो पत्रा बदलता येतो असे ठाणेदार साहेबांचे म्हणणे आहे. म्हणून गाडी चोरीची असल्याचा संशय आहे. धनराज माजरीला खाणीतल्या एका ठेकेदाराकडे डंपरचा मिस्त्री आहे. अंगावर पोलीस केस आली की गेट पास काढून घेतात, आणि पास गेला की काम गेले. त्याची मुलगी दिव्यानी आता चौथीत शिकते. टेम्पोच्या ड्रायव्हरने मला काल संध्याकाळी फोन करून सर्व सांगितले.

गाडी चोरीची नाही. धनराजने ती सन २०१२ मध्ये नागभीडच्या एका रिटायर मास्तरांकडून घेतली, कागद त्याच्या नावावर आहेत. इंजिनचा नंबर मी घासला. तो का घासला, ते सांगते.

धनराज तेव्हा आमच्या गल्लीसमोरच्या मिलमध्ये इंजिनचा मिस्त्री होता. मिलची डिझेल इंजिने त्याच्याइतकी कोणाला कळत नव्हती. नुसत्या आवाजावरून कोणता व्हॉल्व्ह बसला ते सांगत असे. फियाट पेट्रोलची होती. त्या वेळी पेट्रोल आणि डिझेलच्या भावात फार फरक होता, आणि लोक जुन्या गाड्यांत दुसरे डिझेल इंजिन बसवून घेत होते. धनराजचे म्हणणे वेगळे होते. तो म्हणाला, "दुसरं इंजिन कोनीबी बसवंल. आपन हेच पेट्रोलचं इंजिन डिझेलचं करू." मी म्हटले, "येडा झाला का बे?" तो म्हणाला, "तू फेसिंग करून दे, मग पाह्य." दुसऱ्या दिवशी मी इंजिनचा मुख्य सांगाडा म्हणजे ब्लॉक मशीनवर चढवला. माझेही डोके तसलेच होते, त्याला एकट्याला बोलण्यात अर्थ नाही.

डिझेलला ठिणगी लागत नाही, सिलिंडरमधली हवा दाबून दाबून तापवावी लागते. त्यासाठी दाबायची जागा कमी करावी लागते. म्हणून ब्लॉक आणि हेड दोन्ही घासायचे आणि पिस्टन उंच डोक्याचे करायचे असे ठरले. पिस्टन मी लेथवर केले. प्लगच्या जागी मिलच्या इंजिनचे डिझेल फवारणारे नोझल धनराजने बसवले. या गाडीचा नंबर ब्लॉकच्या वरच्या कडेला एका पट्टीवर ठोकलेला होता. दिनांक ०९/०२/२०१३ रोजी मी पहिला दीड मिलिमीटर काढला, त्यात नंबर गेला.

नंबर जाणार हे आम्हाला आधीच माहीत होते. धनराजने तो मला वाचून दाखवला आणि मी कामाच्या रजिस्टरात लिहून घेतला. आकडे ठोकायचे पंच माझ्याकडे आहेत. त्याने तेव्हाच म्हटले होते, "आताच मारून घे." मी नाही म्हटले. आमच्या शेडचा वडिलांपासूनचा नियम आहे की, काम पुरे होऊन चालून दाखवल्याशिवाय त्यावर पंच मारायचा नाही. अर्धवट कामावर खूण केली तर ते काम आपण पास केले असा अर्थ होतो. मिलवाले आमची खूण पाहून शाफ्ट डोळे मिटून बसवतात. म्हणून मी म्हटले, "गाडी रस्त्यावर चालू दे, मग मारीन." साहेबांनी विचारले, सरकारी नंबर आणि तुमच्या शेडची खूण एकच का. एकच नाही, हे आज समजते. तेव्हा पंच म्हणजे पंच, एवढेच डोक्यात होते.

पहिल्या खेपेस इंजिन सुरू झाले. धूर असा निघाला की मिलमधले हमाल पोते टाकून बाहेर आले. वीस मिनिटांत हेडचे गॅस्केट फाटले. दुसऱ्या खेपेस जाड बोल्ट लावले, मी ब्लॉक आणखी घासला. तेव्हा क्रँक तुटला. धनराज तीन दिवस शेडकडे फिरकला नाही. चौथ्या दिवशी दुसरा क्रँक घेऊन आला आणि म्हणाला, "चाय मांड."

तिसऱ्या खेपेस, एप्रिल २०१४ मध्ये, इंजिन शांत चालले. आम्ही ते गाडीत न बसवता खाली ठेवूनच पट्ट्याने मिलच्या धान भरडायच्या हलरला जोडले. त्या दिवशी शेजारच्या सुगंधाबाईंचे चार पोते धान भरडायला आले होते. फियाटच्या इंजिनने ते चारही पोते भरडले. तांदूळ मोडला नाही. सुगंधाबाई म्हणाल्या, "माय वो, कारनं भरडलेला तांदूळ! गोड लागंल का नाई?" धनराज खूप हसला. त्याला इतके हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते. मलाही फार आनंद झाला होता, हे लिहायला हरकत नाही.

आमची चूक तिथेच झाली. आम्ही दोघेही मिलच्या इंजिनांत वाढलेलो. मिलचे इंजिन सकाळी सुरू केले की संध्याकाळपर्यंत एकाच चालीने चालते. हलरवर चार पोते निघाले म्हणजे इंजिन पास, असे आम्ही धरले. गाडीला दर गिअरला, दर चढाला चाल बदलावी लागते, हे तपासायचे आम्हा दोघांच्याही डोक्यात आले नाही. मोटार गॅरेजमधल्या कोणत्याही पोराला ते कळले असते.

दिनांक ०४/०५/२०१४ रोजी सकाळी सात वाजता गाडी सावलीच्या रस्त्याला काढली. धनराज चालवत होता, मी बाजूला बसले होते. पंच मी सोबत घेतले होते, परत आल्याबरोबर नंबर मारणार होते. साधारण तीन किलोमीटर बरी चालली. धनराज म्हणाला, "पाह्य, चालून राह्यली." पुढे बैलगाडी आली म्हणून त्याने गिअर उतरवला आणि पुन्हा रेस दिली. मोठा आवाज झाला. पिस्टनचा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. कोणास इजा झाली नाही. आम्ही सागाच्या सावलीत दीड तास बसलो. नंतर एका ट्रॅक्टरने गाडी ओढून शेडमध्ये आणली.

मी म्हटले, "दुसरा ब्लॉक पाहू." धनराज म्हणाला, "नाई सरिता. आता सोडून देऊ." मी म्हटले, "सोडायचं होतं तं सुरू काऊन केलं?" त्यानंतर बाराव्या दिवशी तो माजरीला कामाला गेला. मला ते मिलच्या हमालाकडून कळले. त्याने इंजिन सोडले याचा मला राग नव्हता. समोरच्या मिलमधून माझ्या शेडपर्यंत वीस पावले आहेत, तेवढी चालून तो सांगायला आला नाही, याचा राग होता. तो अजूनही आहे.

गाडी माझ्या शेडमध्ये साडेअकरा वर्षे राहिली. त्याने ती मागितली नाही आणि मी उचल म्हटले नाही. भंगारवाले विचारत आले, त्यांना मी हाकलले. काम पुरे झाले नव्हते, म्हणून नंबर मारला नाही. यंदा दिवाळीनंतर नवीन मशीन ठेवायला जागा लागत होती. दिनांक १५ रोजी मी धनराजला फोन केला आणि म्हटले, "तुझी गाडी उचल." फोन ठेवला.

काल दिनांक १७ रोजी सकाळी दहा वाजता तो टेम्पो घेऊन आला. केस पांढरे झाले आहेत. तो म्हणाला, "बरी आहेस?" मी म्हटले, "हो." त्याने विचारले, "मशीन तूच चालवतेस अजून?" मी म्हटले, "दुसरं कोन चालवनार?" गाडी चढवायला अर्धा तास लागला. मी चहा ठेवला नाही. ब्लॉकवर नंबर नाही हे त्या वेळी मला आठवले नाही. आठवायला पाहिजे होते. पंच टेबलाच्या खणात होते, पाच मिनिटांचे काम होते. यावर साहेब म्हणाले की, असा स्वतः नंबर मारणे हाही गुन्हाच आहे, आरटीओची परवानगी लागते. ते मला माहीत नव्हते.

सन २०१३ चे कामाचे रजिस्टर मी सोबत आणले आहे. पान ४१ वर तारीख, "फियाट ब्लॉक फेसिंग, धनराज" अशी नोंद आणि इंजिनचा पूर्ण नंबर माझ्या अक्षरात आहे. हवालदारांनी तो गाडीच्या कागदाशी एकेक आकडा लावून पाहिला. नंबर जुळला. रजिस्टर दोन साक्षीदारांसमक्ष ताब्यात दिले आहे.

यानंतर साहेबांनी मला सांगितले की, धनराजने काल रात्रीच जबाब दिला आहे. नंबर आपणच कानशीने घासला, त्या कामात दुसरे कोणी नव्हते, असे त्याने लिहून दिले आहे. गाडी इतकी वर्षे कुठे होती असे विचारल्यावर, गावाकडे आपल्या गोठ्यात होती, असे सांगितले आहे. माझे नाव त्याने कुठेही घेतलेले नाही. हवालदारांनी पाणी दिले, ते घेतले नाही.

त्यावर माझे म्हणणे असे की, धनराजचा तो जबाब खोटा आहे. कानशीने घासले तर रेघा आडव्यातिडव्या येतात. या ब्लॉकवर रेघा एका मापाच्या आणि गोल आहेत, त्या फेसिंग मशीनच्या आहेत. गाडी बाहेरच उभी आहे, बोनेट उघडून कोणत्याही मशीन शॉपवाल्याला दाखवा. माझ्या मशीनला वडिलांनंतर माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही. धनराजला ती चालू करता येत नाही. मी शिकवते म्हटले होते, तर तो म्हणायचा, "तू आहेस नं, मले कायले पाह्यजे?"

साहेबांनी समज दिली की, इंजिनचा नंबर नाहीसा करणे हा गुन्हा आहे, आणि हा जबाब दिल्यास तो माझ्यावर येऊ शकतो. अजून विचार करा, घरी जाऊन या, असेही म्हणाले. मी सांगितले की विचार करून आले आहे. शेडची लाईट मेन स्विचवरून बंद केली, चार मिलवाल्यांना काम होणार नाही म्हणून फोन केले, आणि किल्ली सुगंधाबाईंकडे दिली. ऐन धानाच्या हंगामात मशीन बंद ठेवून कोणी गंमत म्हणून ठाण्यात येत नाही.

धनराजशी तुमचे संबंध काय, असे विचारले. कामाचे. त्यापेक्षा जास्त काही होते का, असे पुन्हा विचारले. मी म्हटले, "त्यानं विचारलं नाई, मी बोलली नाई. आता त्याचं घर आहे, बायको आहे, पोरगी आहे. हे त्याच्या घरी नेऊ नका." धनराजला भेटायचे का असे विचारले. आधी त्याला सोडा, मग तो ठरवेल, असे सांगितले.

माझे म्हणणे हवालदारांनी मोठ्याने वाचले, मी उभी राहून ऐकले. त्यात त्यांनी इंजिन धनराजने बनवले आणि नंबर दोघांनी मिळून घालवला, असे लिहिले होते. ते उलट आहे. माझ्या सांगण्यावरून ती ओळ खोडून बाजूला दुरुस्ती लिहिली, तिथे वेगळी सही केली आहे. इंजिन आम्ही दोघांनी बनवले. नंबर मी एकटीने घालवला. आता सगळे बरोबर आहे.

सही/-
सरिता वामनराव उंदीरवाडे

समक्ष
सही/-
पो. हवा. आत्राम