क्षिप्राला काय सांगायचं

दिल्लीत छातीच्या डॉक्टरांकडे नंबरची वाट बघत होतो. भर दुपारी खिडकीबाहेर समोरची इमारत दिसत नव्हती. शेजारी एक मराठी जोडपं होतं. आखातातल्या मुलीशी बोलून बाईंनी फोन ठेवला.

"काय म्हणते क्षिप्रा?"

"काल पुन्हा हल्ला झाला. बाळाला घेऊन बेसमेंटमध्ये बसली होती."

"मग तिला म्हण ना, चलो, इकडे ये."

"म्हटलं. तिने विचारलं, दिल्लीची हवा कशी आहे?"

"तू काय सांगितलंस?"

"बाबा वाफ घ्यायला आलेत म्हटलं."

"प्रभा, हे सांगायची काय गरज होती?"

"अहो, बाळाला दमा आहे. खोटं कसं सांगू?"

"अच्छा. मग?"

"म्हणाली, इथे हल्ल्याआधी सायरन तरी वाजतो, आई."

"आपण खिडक्या बंद ठेवू. हवा शुद्ध करायचं मशीन घेऊ."

"खिडक्या तिथेही बंदच असतात."

मग गृहस्थ खोकले आणि बाई पाण्याची बाटली उघडून देईपर्यंत खोकत राहिले.

"तिला फोन लाव."

"काय सांगू?"

"म्हणावं, ये. इथे सगळे मिळून खोकू."