ऊम्फचा रकाना

छोटी : मावशी, डबा नंतर उघडा. साहेबांनी कामाचे मार्क दिलेत त्या तुमच्या फॉर्मवरचा तो शब्द आहे ना, त्याचा अर्थ मला काल कळला.

मावशी : कुठला, ऊम्फ? मला ठाऊक आहे. कामातला दम. धाकट्या साहेबांनीच सांगितलं होतं. सतरा वर्षं या दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवतेय, आणि दमाला दहापैकी दोन.

छोटी : मला नऊ दिलेत.

मावशी : मिळणारच. तेवीस वर्षांची आहेस. दिवसभर उभी राहिलीस तरी तुझे पाय बोलत नाहीत.

छोटी : पायांचा संबंध नाही हो. काल घरी भावाला फॉर्म दाखवला. कौतुकानंच दाखवला, नऊ मिळाले म्हणून. त्यानं फोनवर शब्द काढला आणि ताटावरून उठला.

मावशी : का, काय निघालं त्यात?

छोटी : दोन अर्थ आहेत. पहिला जोम, उत्साह. दुसरा... तुम्हीच वाचा. मराठीत आहे.

मावशी : माझा चष्मा दे तो. हां. 'बाईच्या देहाचं पुरुषाला खेचणारं आकर्षण.'

छोटी : हो.

मावशी : धाकट्या साहेबाच्या मनात पहिला अर्थ असेल गं. एवढासा होता तेव्हापासून बघतेय त्याला.

छोटी : मलाही तसंच वाटावंसं वाटत होतं. म्हणून सकाळी काचा घासणाऱ्या काकांना विचारलं, तुमच्या फॉर्मवर त्या रकान्यात काय आहे. व्हिगर, म्हणजे जोमच. वॉचमनच्या फॉर्मवर स्टॅमिना. सेल्समनच्या फॉर्मवर ड्राइव्ह. ऊम्फ फक्त आपल्या दोघींना.

मावशी : मी केस रंगवले गं.

छोटी : मावशी...

मावशी : बोलू दे. दोन मिळाले म्हणून केस रंगवले. सुनेकडून लिपस्टिक मागून घेतली. गिऱ्हाईक दारात दिसलं की खणखणीत आवाजात 'या, या' करायला लागले. आणि त्या दिवशी भरल्या दुकानात त्याला विचारलं, साहेब, माझं ऊम्फ वाढलं का. आठवतं तुला?

छोटी : आठवतं.

मावशी : त्याला हसू आवरेना. सेल्समन तर काउंटरखाली तोंड लपवून बसला. मला वाटलं, माझ्या उच्चाराला हसतायत. घरी जाऊन आरशासमोर घोकलं. ऊम्फ, ऊम्फ. पंचावन्न वर्षांची बाई. शी. अंगावर पाल पडल्यासारखं वाटतंय.

छोटी : त्या दिवशी मीही हसले होते. अर्थ माहीत नव्हता, सगळे हसले म्हणून.

मावशी : हे आत्ता सांगायलाच हवं होतं?

छोटी : नाही सांगितलं तर तुमच्याशी बोलताना घशात अडकत राहील.

मावशी : बरं. सांगितलंस. आता तुझं सांग. तुझी खुर्ची काढून ते उंच स्टूल का आणलं, विचारलंस कधी?

छोटी : नाही. फ्रेम बसवताना गिऱ्हाइकाच्या बाजूला जायचं नाही, काउंटरवरूनच वाकायचं, असंही सांगितलंय. आणि वाकले की धाकटा साहेब केबिनच्या काचेतून बघतो. मी स्वतःलाच म्हणायचे, तुझ्या मनातच घाण आहे.

मावशी : ऊठ. डबा राहू दे. आत्ताच त्याच्या केबिनमध्ये जाऊ.

(धाकट्या साहेबांची केबिन. दार उघडंच आहे.)

साहेब : या मावशी. काय झालं, दोघी एवढ्या सीरियस?

मावशी : या शब्दाचा अर्थ विचारायचा होता.

साहेब : परत? सांगितलं ना, एनर्जी. कस्टमर आत आला की त्याला एक व्हाइब मिळाली पाहिजे. थोडा चार्म, थोडा झेस्ट, सगळं मिळून ऊम्फ.

मावशी : मग काकांना का नाही?

साहेब : ते मागे बसतात. कस्टमरला कुठे दिसतात?

मावशी : सेल्समन दिसतो की.

साहेब : त्याचा रोल वेगळा आहे.

छोटी : सर, स्टूल कशासाठी आणलं?

साहेब : प्रेझेंटेशन असतं गं. मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये हे सगळं शिकवतात. तुला कॉम्प्लिमेंट म्हणून घेता येत नाही का? नऊ दिलेत. दुसरी खूश झाली असती.

छोटी : झाले होते. काल जेवायला बसेपर्यंत.

मावशी : थोरले साहेब येतीलच आता. मी त्यांच्या हातात हा कागद देते. तुम्ही शेजारी उभे राहा आणि अर्थ सांगा.

साहेब : बाबांना कशाला मध्ये आणता? त्यांना हे असलं कळत नाही.

मावशी : एनर्जी कळते त्यांना. या वयात दुकानाचे जिने चढतात.

साहेब : मावशी, प्लीज. द्या इकडे तो. मी नवीन फॉर्म छापतो, रकानाच काढून टाकतो. किंवा दहा लिहितो. दहापैकी दहा, बस?

मावशी : कशाचे दहा?

साहेब : म्हणजे... जनरल.

छोटी : कागद देऊ नका, मावशी.

मावशी : देत नाही.

साहेब : तुम्ही उगाच मोठं करताय हे. मी कधी कुणाला बोट तरी लावलं का? सांगा ना.

मावशी : नाही लावलंत. इथे एसीत बसून आम्हा दोघींना तराजूत घातलंत फक्त. मी कमी भरले. आणि मग महिनाभर भरून काढायला धडपडत होते. ते तुम्ही रोज बघत होतात, आणि 'मावशी, नका हो' एवढंही तुमच्या तोंडून निघालं नाही. मला त्याची शिसारी येतेय. शब्दाची कमी, त्याचीच जास्त.

साहेब : चुकलं असेल माझं. पण तुम्ही मला शाळेत असल्यापासून ओळखता. माझा पहिला चष्मा तुम्हीच बसवलाय.

मावशी : हो. मुलं हसतील म्हणून रडत होतात. मी शाळेच्या दारापर्यंत सोबत आले होते.

छोटी : मावशी, थोरले साहेब आलेत. खाली वॉचमनशी बोलतायत.

मावशी : चल. कागद तू धर, बोलते मी.