कृत्तिकांची गाडी

चिझुरू : बाबा, पुरे झालं आता उकरणं. आत या आणि आधी दार लावा, सगळा बर्फ माझ्या मांडीवर आला.

तोकुजी : सायलेन्सरचं तोंड मोकळं ठेवावं लागतं. बर्फाने बुजलं की धूर आत शिरतो आणि माणूस झोपल्या जागी जातो. तुला हीटर हवाय ना?

चिझुरू : हीटर हवाय, बापही हवाय. पंचाहत्तरी आली तुमची, नाक बघा कसं लाल झालंय.

तोकुजी : नाकाचं सोड. पुढचा ट्रक हलला का?

चिझुरू : सकाळपासून त्याच्या मागच्या दारावर रंगवलेली तीच संत्री बघतेय मी. डोळे मिटले तरी संत्रीच दिसतात.

तोकुजी : एकेक ट्रकवाले! झेपत नाही तर डोंगरात यायचं कशाला? आपल्या गाडीला काय धाड भरलीय? काही नाही. चारही चाकांना...

चिझुरू : एकदम ताकद मिळते. पाठ आहे मला. इंजिन आडवं, पिस्टन डावीउजवीकडे ठोसे मारतात, वजन खाली राहतं. लहानपणी बाकीच्या मुली परीकथा ऐकत झोपायच्या, मी हे ऐकत झोपले.

तोकुजी : चेष्टा कर. त्या इंजिनांचे बोल्ट आवळण्यात माझी हयात गेली. म्हणूनच गाडी वळणावर डगमगत नाही.

चिझुरू : वळण आहे कुठे, बाबा? सरळ रस्त्यावर सरळ उभे आहोत आपण. बुलेट ट्रेनने आलो असतो तर एव्हाना तोकामाचीला आत्याच्या उशाशी असतो. ट्रेन बर्फाला जुमानत नाही. रेडिओवाला घसा फोडून सांगत होता, गरज नसेल तर गाडी बाहेर काढू नका.

तोकुजी : गरज होती.

चिझुरू : गरज पोचायची होती. गाडीची नव्हती.

तोकुजी : काचेवर कोण टकटक करतंय बघ.

हिदाका : काच जरा खाली घेता का, बाई? मी समोरचा ट्रकवाला. हिदाका म्हणत्यात. मालकाला फोन लावला, म्हटलं माल गोठणारच हाय, उपाशी माणसांना वाटून टाकू का? वाटून टाक म्हणाला. ही घ्या पिशवी. कुमामोतोची संत्री हायत.

तोकुजी : संत्री नकोत. रस्ता द्या.

हिदाका : खिशात असता तर दिला असता, काका. माझ्या पुढं दुधाचा टँकर, त्याच्या पुढं कपाटं नेणारा. मी चालत पार लांबवर जाऊन आलो. ज्याला विचारावं तो म्हणतो, माझ्या पुढच्यानं अडवलंय. पहिला कोण, त्याचा पत्ताच न्हाई.

तोकुजी : टायरला साखळ्या तरी आहेत का तुमच्या?

हिदाका : लावल्यात की. बोटं सोलून निघाली लावताना. काय सांगू, आमच्याकडं बर्फ म्हंजे उन्हाळ्यात सरबतात घालायचा. हे असलं आभाळ फाटलेलं कधी बघितलं न्हाई.

चिझुरू : बाबा, घ्या ती पिशवी. माणूस थंडीत उभा आहे.

तोकुजी : आण. बसा मागे जरा, ऊब घ्या.

हिदाका : बरं झालं म्हणालात. झकास गाडी हाय. सुबारू नव्हं? ते तारे हायत ना पुढं, त्यांचा अर्थ काय वो?

चिझुरू : संपलं! आता संध्याकाळ झाली म्हणून समजा.

तोकुजी : गप गं. सुबारू म्हणजे कृत्तिका. आकाशातला झुबका. आमच्या ओता गावात आधी विमानं बनायची. युद्ध हरलो, विमानं बंद झाली आणि कंपनीचे तुकडे तुकडे केले. माणसं करणार काय? विमानाच्या शेपटीखालची चाकं उरली होती, ती लावून स्कूटर बनवली. मग पाच तुकडे एकत्र आले, त्यांची एक मोठी कंपनी झाली. म्हणून एक तारा मोठा, पाच लहान.

हिदाका : आयला! शेपटीच्या चाकावर स्कूटर!

तोकुजी : माझी ताई म्हणायची, हे तर आपल्याच घराचं चित्र आहे. आई गेली तेव्हा आम्ही सहा भावंडं. ताई थोरली. दिवसभर किमोनोच्या कापडाच्या मागावर बसायची आणि आम्हा पाचांना खायला घालायची. मला ओताच्या कारखान्यात तिनेच धाडलं. म्हणायची, मोठा तारा मी आणि तुम्ही माझी शेपटं. आता आम्ही दोघंच उरलोय.

चिझुरू : तीच आत्या दवाखान्यात आहे, हिदाकासान. डॉक्टरांनी काल सांगितलं, भेटायचं असेल त्यांनी भेटून घ्या.

हिदाका : अरारा. आणि मी मधी ट्रक लावून बसलोय.

तोकुजी : ही चार चाकांची ताकदसुद्धा आमच्यासारख्या बर्फातल्या माणसांसाठीच आली. उत्तरेकडे हिवाळ्यात विजेच्या तारा तपासायला माणसं जीपमधून जायची. जीप चढायची, पण आत बसणारा गोठायचा. वीज कंपनी म्हणाली, जीपसारखी चढेल आणि आत ऊब राहील अशी गाडी द्या. दिली. तेव्हापासून डोंगरातल्या डॉक्टरला विचारा, पोस्टमनला विचारा. ही गाडी दारात असली की माणसाला बर्फाचं भय वाटत नाही. मी मात्र तिच्यात बसून संत्री सोलतोय. हिदाकासान, तुम्ही उतरा. चिझुरू, पट्टा लाव.

चिझुरू : का?

तोकुजी : ती कडेची पट्टी मोकळी आहे. तिच्यावरून पुढे काढतो.

चिझुरू : ती ॲम्ब्युलन्ससाठी असते!

तोकुजी : दिसतेय का एखादी?

हिदाका : काका, तिथं कमरेएवढा बर्फ हाय. मी आत्ताच त्यातनं आलोय.

तोकुजी : ही गाडी त्यासाठीच आहे.

चिझुरू : बाबा, नका ना! बाबा! अहो, हळू... गेली... खरंच चाललीय की...

तोकुजी : बघ! म्हटलं नव्हतं?

चिझुरू : पुढे काहीच दिसत नाही. थांबलो का आपण?

तोकुजी : चाकं फिरतायत का बघ.

हिदाका : फिरत्यात, काका! चारी फिरत्यात! पण त्यांच्याखाली काय राहिलंच न्हाई. गाडी पोटावर बसलीया. ॲक्सिलेटरवर पाय नका देऊ आता, आणखी खड्डा होतोय.

तोकुजी : पोट टेकलं की चार काय आणि चाळीस काय. हे मी शिकाऊ पोरांना सांगायचो. माझ्या तोंडाने सांगायचो.

चिझुरू : मागच्या गाड्यांतली माणसं येतायत फावडी घेऊन. तुम्ही बसून रहा, मी बोलते त्यांच्याशी.

तोकुजी : बसून कसा राहू? त्यांची माफी मागायला हवी.

हिदाका : माफी मागून घ्या सावकाश. आधी ढकलू. दादांनो, या इकडं! मागंच न्यायची हाय, होती तिथं.

चिझुरू : झालं. पुन्हा संत्र्यांच्या मागे. कुणी एक शब्द बोललं नाही, उलट मागच्या गाडीतल्या बाईंनी तुम्हाला हातमोजे दिले. आता तरी सांगा, एवढा हट्ट कशासाठी? ट्रेनने आलो असतो तर काय बिघडत होतं?

तोकुजी : पंधरा दिवसांपूर्वी ताईचा फोन आला होता. म्हणाली, तोकु, एकदा घरी ने रे. तिच्या मुलाची, नोबुची, लहान गाडी हिवाळ्यात घराच्या चढावर चढत नाही. टॅक्सीवाले खालीच उतरवतात. मी म्हटलं, मी आहे ना, गाडी घेऊन येतो. आता ट्रेनने जाऊन तिच्या उशाशी बसलो असतो, तर काय सांगितलं असतं? गाडी घरी ठेवून आलो?

चिझुरू : मला का नाही सांगितलंत?

तोकुजी : तू म्हणाली असतीस, डॉक्टर तिला सोडणार नाहीत.

चिझुरू : नव्हतेच सोडणार.

तोकुजी : ते मलाही कळतं गं.

चिझुरू : थांबा, फोन वाजतोय. नोबुदादाचा आहे. हॅलो, दादा? नाही रे, तिथेच आहोत, बोगद्याच्या पुढे. हो. बरं. बाबा, दादा म्हणतोय आत्याला आता बोलता येत नाही, पण ऐकू येतंय. तो फोन तिच्या कानाशी धरतोय. बोला.

तोकुजी : काय बोलू?

चिझुरू : काहीही. तुमचा आवाज ऐकू दे तिला.

तोकुजी : ताई? मी तोकु. निघालोय गं, वाटेतच आहे. गाडी घेऊन आलोय, सांगितल्याप्रमाणे. मस्त चाललीय. तू बसलीयस ना नीट? पट्टा लावलास? हां. बघ, दवाखान्यातून निघालो आपण. बाजारात दुकानांपुढचा बर्फ काढलाय. तुझी जुनी गिरणी गेली डावीकडून, तुझ्या मागाची खिडकी दिसली का? आता पूल. खाली नदी काळीशार आहे, दोन्ही काठ पांढरे. मी सावकाश नेतोय. पूल संपला की आपला चढ. तिथे टॅक्सीवाले उतरवतात ना, तिथे आपण नाही उतरायचं. चढतेय बघ गाडी, कुरकुरसुद्धा करत नाही. देवडीतल्या जिझो देवाला कुणीतरी लाल टोपी घातलीय. बांबू पार रस्त्यावर वाकलेत. अजून एक वळण, की छप्पर दिसेल आपलं...

चिझुरू : बाबा.

तोकुजी : छपरावरचा बर्फ मी काढतो, तू आत शेकोटीपाशी बस...

चिझुरू : बाबा, लाइन तुटलीय.

तोकुजी : केव्हा?

चिझुरू : मगाशीच. तुम्हाला थांबवायचं माझं धाडस झालं नाही. मी पुन्हा लावून बघतेय, लागत नाही.

तोकुजी : कुठवर ऐकलं असेल तिने?

चिझुरू : पुलापर्यंत तरी होती लाइन. मला पलीकडून दवाखान्यातल्या यंत्राचा आवाज येत होता.

तोकुजी : म्हणजे चढ राहिला.

(रात्र गाडीतच गेली. तोकुजी थोड्या थोड्या वेळाने उठून सायलेन्सरचं तोंड मोकळं करत राहिला. हाताने करण्याजोगं तेवढंच एक काम उरलं होतं, आणि ते तो फार मन लावून करत होता. उजाडलं तेव्हा बर्फ थांबला होता.)

चिझुरू : बाबा, फावडं ठेवा. बसा इथे माझ्याजवळ.

तोकुजी : नोबुचा फोन होता ना? तू बोलताना काचेतून दिसलीस.

चिझुरू : पहाटे गेली. झोपेतच गेली म्हणतो. तो जवळ होता.

तोकुजी : हं.

चिझुरू : रडा ना, बाबा. कुणी बघत नाहीये.

तोकुजी : हातमोजे ओले झालेत त्या बाईंचे. वाळवून द्यायला हवेत.

चिझुरू : द्या इकडे. हीटरवर ठेवते.

हिदाका : काका! मिल्ट्रीची माणसं आली बघा पुढं, टँकर काढत्यात. दुपारपातुर रस्ता मोकळा होईल. तुमच्या ताईंना सांगा फोनवर, निघालोच म्हणून. आं? काय झालं, बाई?

चिझुरू : गेली आत्या.

हिदाका : मी काल जरा कडंला घेतला असता ट्रक...

तोकुजी : कडेला जागा होती कुठे, हिदाकासान? मी जाऊन बघितलीय ना कड. तुमची संत्री गोड होती. पोरीने रात्री दोन सोलून दिली मला.

हिदाका : आणखी आणू?

तोकुजी : आणा. नोबुच्या घरी न्यायला होतील. माणसं येतील आता तिथे.

चिझुरू : बाबा, दादाने एक विचारलंय. आज सगळी येणार, तर आत्याला घरीच न्यायचं म्हणतात, शेवटचं. पण शववाहिकावाल्यांनी हात वर केलेत. चढावर आमची गाडी येणार नाही म्हणाले. दादाने विचारलंय, मामांची गाडी चढेल का?

तोकुजी : चढेल.

चिझुरू : नक्की? तुम्ही रात्रभर जागे आहात. आणि एकदा पोट टेकून झालंय.

तोकुजी : तो रस्ता मला पाठ आहे. त्याला सांग, चढाच्या खालपर्यंत बर्फ काढायचा नांगर फिरवून घे. पुढचं मी बघतो. ताईला तोवर तिथेच असू दे, म्हणावं. मामा येतोय.

चिझुरू : सांगते. मागच्या सीटा पाडल्या की आत्या मावेल ना? उंचीने लहानखुरीच होती. आपली पांघरुणं खाली घालू, म्हणजे धक्के बसणार नाहीत.

तोकुजी : मावेल.

चिझुरू : आत्ताच पाडून ठेवते. नाहीतरी इथे बसून दुसरं काय करणार आहोत?

तोकुजी : पाड. खटका उजवीकडे आहे, वर ओढायचा.

चिझुरू : मिळाला. असं?

तोकुजी : हं. पुढच्या सीटवर बसणार म्हणाली होती ताई.